लेकराच्या ताटाशी बसणाऱ्या शैलजाताई

शैलजाताईंची आणि माझी पहिली गाठ अंगणवाडीच्या पायरीवर पडली. आमचं गाव फुलंब्रीच्या पुढं, मोठा रस्ता सोडून आत. तिथल्या अंगणवाडीत मी मदतनीस होते. म्हणजे झाडलोट करायची, घरोघर जाऊन लेकरं गोळा करायची, खिचडी शिजवायची आणि लेकरं गेली की पातेलं घासायचं. त्या दुपारी मी पातेलंच घासत होते. एक बाई खांद्याला वजनकाटा अडकवून आल्या, चपला काढल्या, काटा भिंतीला टेकवला आणि पायरीवर बसल्या. निंदणीवरून आलेली बाई बसते तशा बसल्या, पाय लांब करून.

"पाणी मिळेल का हो?"

मी तांब्या दिला. सगळा संपवला आणि म्हणाल्या, "अजून एक द्याल?"

आमच्याकडं शहरातून कुणी आलं की पाण्याची बाटली सोबत आणतं. शिवाय आमच्या वस्तीतलं पाणी कोण कसं घेतं, घेतं की नुसतं ओठाला लावतं, हे आम्हाला लहानपणापासून न सांगता कळतं. ताई दोन तांबे प्याल्या, पदराला तोंड पुसलं आणि विषय संपला. मी मनात म्हटलं, ही बाई काही साहेबीण नसावी. तर त्या डॉक्टर निघाल्या.

मी विचारलं, "लेकरांचं वजन करायला आलात? ते तर आमच्या सेविकाबाई करतात की."

"वजन करीन. पण मला बघायचंय, आईबाप लहान लेकराला जेवू कसं घालतात."

मला हसू आलं. म्हटलं, "त्यात काय बघायचं? हातानं घालतात."

"तेच. कुणाच्या हातानं, आणि त्या वेळी ते हात काय करतात, ते मोजायचंय."

आता ताईंना साठ वर्षं पूर्ण झाली. त्यांच्यासोबत काम केलेली मंडळी हे पुस्तक काढत आहेत आणि तुम्हीपण चार पानं लिहा असं त्यांनी मला सांगितलं. माझी शाळा चौथीपर्यंत. लिहायचं म्हणजे सह्या करायच्या आणि किराणा लिहायचा एवढीच सवय. त्यात माझा नातू दीड वर्षाचा आहे, तो पेनाला धरून लोंबकळतो. इतका गोड आहे की रागवताही येत नाही. आत्ता गालाला निळी शाई लावून बसला आहे आणि मला बघून हसतो आहे. म्हणून हे लिहिणं तुटक होईल. गुडघे दुखतात म्हणून पलंगावर बसून लिहिते आहे, तर अक्षरही वाकडं येईल. वाचणाऱ्यांनी समजून घ्यावं.

तर ताईंचं काम. पहिल्या दिवसापासून मी त्यांच्यासोबत फिरले. सेविकाबाईंनीच सांगितलं, अनुसया, तुला सगळी घरं माहीत आहेत, तू जा. ताई घरात गेल्या की एका कोपऱ्यात बसायच्या. "तुमचं चालू द्या, मी नाहीच असं समजा," म्हणायच्या. चहा घ्यायच्या नाहीत. माझ्यासाठी कुणी चूल पेटवली की त्या घरचं जेवणच बदलतं, असं त्यांचं म्हणणं. मग लेकराचं जेवण सुरू झालं की बघत राहायच्या. घास तोंडाशी नेला आणि लेकरानं मान फिरवली, तर आई थांबते, की मान धरून घालते? गाणं म्हणते, की धाक घालते? पोट भरलं हे कुणी ठरवायचं, लेकरानं की आईनं? हे सगळं त्या टिपून घ्यायच्या. दोन पोरी आणि एक पोरगा शहरातून त्यांच्या मदतीला यायचे, तेही असंच दुसऱ्या घरांत बसायचे.

धाकावरून आठवलं. आमच्या गल्लीत एक लेकुरवाळी होती, तिचं पोरगं भलतं हट्टी. ताई कोपऱ्यात बसलेल्या आणि ती पोराला म्हणते, "खा मुकाट्यानं, नाय तर ह्या मॅडम सुई टोचतील!" पोरानं ताईंकडं बघितलं आणि जे भोकाड पसरलं, की ताईंनाच उठून अंगणात जावं लागलं. मग तर ती गंमतच झाली. सगळ्या आयांना युक्ती सापडली. ताई गल्लीत शिरल्या की घराघरांतून आवाज, "आल्या बघ सुईवाल्या!" लेकरं पटापट तोंडं उघडायची. ताई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "अनुसयाबाई, मी मोजायला आले आणि मीच बागुलबुवा झाले. आता हे मोजू कसं?" मग घरोघर हात जोडून सांगितलं, लेकरांना भीती दाखवायचीच असेल तर दुसऱ्या कुणाची दाखवा. लोक लई हसले. पण ऐकलं बऱ्याच जणींनी.

हे काम वरून सोपं दिसतं. नुसतं बसायचं. पण नुसतं बसण्यानं माणूस किती थकतं ते मी बघितलं आहे. उन्हाळ्यात पत्र्याखाली, माश्या, लेकराचं रडणं, आईची चिडचिड. आणि आपण तोंडातून शब्द काढायचा नाही. संध्याकाळी शहराकडं जाणाऱ्या काळीपिवळी जीपमध्ये ताई बसायच्या तेव्हा चेहरा पार उतरलेला असायचा. मी म्हणायचे, उद्या नका येऊ. त्या म्हणायच्या, उद्या यावंच लागेल, आज त्या घरात लेकरू झोपलेलं होतं.

आता माझ्या घरचं सांगते. ते सांगितल्याशिवाय ताई काय आहेत हे मला सांगता येणार नाही.

माझा विलास तेव्हा शहराकडच्या एका कंपनीत रात्रपाळी करायचा. रोज मोटारसायकलवर जायचा, सकाळी यायचा. त्याची बायको मनिषा. आणि त्यांची मुलगी संघमित्रा, आमची मितू. मितू वर्षाची झाली, वर दोन-तीन महिने झाले, आणि तिचं वजनच वाढेना. काट्यावर ठेवलं की मागच्या वेळी होता तिथंच काटा. हातपाय काडीसारखे. डोळे तेवढे मोठे. मला रात्रंदिवस तेच. पहिली नात, लई लाडाची, आणि ती वाळत चाललेली.

मनिषा जिवाचं रान करायची. मितूला पायावर आडवी घ्यायची आणि बोंडल्यानं पातळ पेज घशात सोडायची. बोंडलं म्हणजे लेकरांना पाजायचं चोचीचं भांडं, पुष्कळ घरांत असतं. मितू दात आवळायची, मान हलवायची, अर्धी पेज मानेवरून खाली. शेवटी ओकायची. दोघी रडायच्या. मनिषा पुसून घ्यायची आणि तासाभरानं पुन्हा बोंडलं घेऊन बसायची. तिला बोंडलं धुताना बघितलं तरी मितू रांगत पळून जायची.

ताईंनी मितूला आधी शहरातल्या सरकारी दवाखान्यात न्यायला लावलं. सोबत आल्या. रक्त कमी निघालं, त्याचं औषध सुरू झालं. दुसरं मोठं काही निघालं नाही. मग खात का नाही? ते कुणालाच सांगता येईना.

त्या दिवसांत ताईंच्या कामात वाट्या आल्या. लेकरू किती खातं ते नीट कळावं म्हणून प्रत्येक घरी लेकरासाठी एक नवी स्टीलची वाटी दिली. ताईंची माणसं आली की आईनं त्या वाटीत जेवण काढायचं, आधी वाटी तोलायची, लेकराचं झालं की उरलेली पुन्हा तोलायची. जे कमी झालं ते लेकराच्या पोटात गेलं, असा हिशेब. आम्हालाही बरोबर वाटला. वाट्या चांगल्या जड होत्या. बायांनी घासूनपुसून फडताळात ठेवल्या आणि ताईंची माणसं यायच्या दिवशीच काढू लागल्या.

आमच्या घरची वाटी जशी भरायची तशीच भरलेली पुन्हा काट्यावर यायची. मितू वाटीला हातही लावायची नाही. एक दिवस मोजणाऱ्या पोरानं नळावर पाणी पिताना सहज कुणाला तरी म्हटलं, त्या घरची वाटी काही हलत नाही. त्याच्या मनात वाईट नव्हतं. पण नळावरचं बोलणं! संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, मनिषा मापात नापास झाली. आमच्या शेजारच्या गयाबाई दारात येऊन मला म्हणाल्या, "अनुसया, डॉक्टरीणबाईचं माप हाय बाई ते. खोटं थोडंच असंल? पोरीला लेकराला चारता येत नाय, दुसरं काय."

मनिषा आत भाकरी थापत होती. तिनं ऐकलं. थापायची थांबली नाही, पण भाकरी काठाला फाटली.

विलास पाळीला जायच्या आधी फाट्यावर गेला होता, तिथंच त्याला कुणीतरी सांगितलं. घरी आला तो तोंड पाडून. बायकोशी बोलला नाही, मला म्हणाला, "उद्या सकाळी हिला माहेरी सोडतो. राहू दे तिकडंच. तिची आई शिकवंल तिला लेकराला कसं जेवू घालायचं ते."

"आन् मितू?"

"मितू हितंच राहील."

मनिषानं हे ऐकलं. पिशवीत दोन साड्या भरल्या. मी तिला म्हटलं, जाऊ नको, मी बोलते त्याच्याशी. तर म्हणाली, "आई, खरंच आसंल. माझ्याच हातात नसंल." त्या वाक्यानं मी पार खचले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विलास पाळीवरून आला. आधी जेवतो मग निघू, म्हणाला. खाली बसला. ताटात भाकरी, वरण, ठेचा. पिशवी दारातच. आणि नेमक्या त्याच वेळी ताई आल्या. त्या कधी सकाळी येत नसत, त्या दिवशी कुणाची तरी जीप मिळाली म्हणून लवकर आल्या होत्या. दारात पिशवी बघितली, मनिषाचे डोळे बघितले, आणि नेहमीच्या कोपऱ्यात जाऊन बसल्या.

विलास म्हणाला, "बरं झालं आलात मॅडम. तुमीच सांगा आता. हिला दहापैकी किती मार्क पडले?"

ताईंनी मान वळवली. मला वाटलं, रागावल्या. पण त्या विलासकडं बघतच नव्हत्या. त्या मितूकडं बघत होत्या.

मितू रांगत रांगत बापाच्या ताटापाशी आली होती. विलासची लहानपणापासूनची सवय, भाकरी वरणात कुस्करायची आणि गरम असली की ताटाच्या काठाला थोडी थोडी सारून ठेवायची. मितूनं काठाचा एक घास उचलला. सांडला. दुसरा उचलला, तोंडात घातला. चावत चावत बापाच्या मांडीला टेकली. मग अजून एक. विलासचं लक्षच नव्हतं, तो ताईंच्या उत्तराची वाट बघत होता.

"विलासराव, उठू नका," ताई हळूच म्हणाल्या. "सावकाश जेवा."

तो जेवत राहिला. मितू खात राहिली. पोट भरल्यावर मितूनं हात ताटात आपटला आणि निघून गेली.

ताई म्हणाल्या, "ती रोज अशी येते?"

"येती की. खेळती माझ्या ताटात. निस्ता राडा करती."

"विलासराव, ती खेळत नव्हती. जेवत होती."

"ह्याला जेवण म्हंत्यात का मॅडम? ताटातलं दोन शितं उचललं तर."

ताईंनी माझ्याकडं बघितलं. मीसुद्धा मान हलवली. आमच्यात ताटातलं उचललेलं खाण्यात धरतच नाहीत. आजोबाच्या ताटातला घास, चुलत्याच्या ताटातला, आत्याच्या. लेकरू असंच फिरत फिरत मोठं होतं. लेकरानं काय खाल्लं असं कुणी विचारलं तर आई तिनं चारलेलं तेवढंच सांगते. बाकीचं ते लाडात गेलं.

ताईंनी चष्मा काढला. डोळे चोळले. मला वाटतं त्या क्षणी त्या लई दमल्या. पुढचे कितीतरी दिवस त्यांना त्या एका क्षणात दिसले असतील. मग विलासला म्हणाल्या, "तुम्ही मार्क विचारलेत ना? मी मार्क देत नाही. पण मोजायला बसले होते आईबापांना, आणि मोजत राहिले नुसत्या आईला. तेही अशा वाटीनं, जी लेकराच्या ओळखीची नाही. चूक माझी आहे."

विलास गोंधळला. "मला काय मोजता मॅडम? मी कवा चारलं तिला?"

"आत्ता. तुम्हाला कळलंही नाही."

मग त्या मनिषाकडं वळल्या. "तू कधी जेवतेस गं?"

मनिषानं माझ्याकडं बघितलं. "सगळ्यांचं झाल्यावर."

"मितू कुठं असते तेव्हा?"

"झोपलेली आसती."

एवढंच. ताईंनी पुढं काही समजावून सांगितलं नाही. पण घरात सगळ्यांना कळलं. बाप घरी जेवतो एकदा, तेवढ्याच वेळा लेकरू पोटभर खातं. बाकी वेळ तिच्या वाट्याला बोंडलं. आणि जिच्याजवळ लेकरू दिवसभर असतं तिचं ताट लेकरानं कधी बघितलेलंच नाही.

ताई मला म्हणाल्या, "अनुसयाबाई, उद्यापासून मनिषा आणि मितू एका ताटात बसतील का? मितू जागी असताना?"

मी म्हटलं, "म्हणजे आधी सून जेवणार आन् सासू वाढणार? लोक हसतील ताई."

"हसतील," ताई म्हणाल्या. "मग तुम्हीपण बसा. दोघींना हसू दे."

विलास हात धुवायला उठला. ताईंना जायला वाट हवी म्हणून त्यानं दारातली पिशवी उचलली आणि आतल्या खुंटीला अडकवली. माहेरचं नाव पुन्हा निघालं नाही.

पण ताई तेवढ्यावर गेल्या नाहीत. नळावर गेल्या. हंडा घेऊन मनिषा आणि मी मागोमाग. पाण्याची वेळ, सगळ्या बाया हंडे लावून उभ्या. ताईंनी मोठ्यानं सांगितलं, "माझं माप चुकलं. मी वाटी तोलत बसले आणि लेकरं ताटातून खातात. ज्या कुणाच्या घरचं वाईट बोललं गेलं ते माझ्या चुकीमुळं."

गयाबाई म्हणाल्या, "म्हंजी मनिषा पास झाली म्हणा की!"

"गयाबाई, परीक्षा माझी होती. मी नापास झाले."

बाया हसल्या. पण त्या हसण्यात मनिषाला हंडा लावायला जागा करून दिली. डॉक्टरबाईनं चारचौघींत नळावर असं म्हणणं, हे मी त्याआधी बघितलं नव्हतं, नंतरही बघितलं नाही. मी ताईंना मानते ते तेव्हापासून.

आता कुणाला वाटेल, दुसऱ्या दिवसापासून मितू जेवू लागली. तसं काही झालं नाही. मनिषाला सकाळी जेवायला बसवलं तर तिला घास गिळेना. खाली मान घालून बसली, जणू चोरून खाते आहे. मी तिच्या शेजारी बसले. मलाही ओशाळल्यासारखं झालं. लग्न होऊन आल्यापासून मी कधी भरलेल्या टोपल्यातली पहिली भाकरी घेतली नव्हती. मितू आमच्याकडं ढुंकून बघेना. बरेच दिवस असेच गेले. मनिषा म्हणाली, "आई, लेकरू ऱ्हायलं बाजूला, मीच जाड व्हायले." मग एका दुपारी मितू आली आणि नेमका ठेच्याचा घास उचलला. अशी बोंबलली की गयाबाई धावत आल्या. मला वाटलं, संपलं, आता काही ही परत येत नाही. पाणी प्याली, नाक पुसून घेतलं, आणि पुन्हा आली. ह्या वेळी वरणातलं उचललं.

वजन वाढलं, पण हळू. मध्ये जुलाब झाले, पुन्हा उतरलं. पुन्हा चढलं. ताई दर खेपेला काटा घेऊन येत आणि आकडा बघत. आमची मितू आज आठवीत आहे, माझ्याहून उंच आहे, आणि जेवताना इतकं बोलते की तिला गप्प करावं लागतं.

इकडं ताईंच्या कामाचं काय झालं ते मला नंतर कळलं. इतक्या महिन्यांची सगळी मोजणी त्यांनी बाजूला ठेवली. मदतीची पोरं रडकुंडीला आली. एक पोरगी म्हणाली, "मॅडम, सगळं पुन्हा?" ताई म्हणाल्या, "पुन्हा." वरच्या लोकांचं म्हणणं होतं, थोडं इकडंतिकडं चालतं, आहे तेच द्या. ताईंनी ऐकलं नाही. त्यासाठी त्यांना शहरात औरंगपुऱ्यातल्या वरच्या लोकांच्या कचेरीत किती खेपा घालाव्या लागल्या, किती बोलणी खावी लागली, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. तिथल्या जिन्यावरून उतरताना मी एकदा त्यांना बघितलं. कठड्याला धरून उभ्या होत्या. मी विचारलं, काय झालं? "काही नाही, दमले," एवढंच म्हणाल्या. मग आम्ही खाली उतरून रसवंतीत उसाचा रस पिऊन आलो.

ती मोजणी पुन्हा सुरू झाली तेव्हा त्या वाटी घेऊन गेल्या नाहीत. घरातली सगळी माणसं कधी जेवतात, तेव्हा लेकरू कुठं असतं, कुणाच्या ताटाशी जातं, हे बघायला लागल्या. बापांना, आजोबांना, आत्यांना मोजू लागल्या. पुरुष माणसं आधी लाजायची. एक म्हातारबाबा म्हणाले, "माझं कशाला बघता, मला दात नायत." पण नातवाला मऊ करून घास तेच द्यायचे. मी त्यांच्यासोबत कितीतरी गावं फिरले. प्रत्येक ठिकाणी नवी आई, नवं लेकरू, आणि तेच. कोपऱ्यात बसायचं, बघायचं. सांगायचं, लोकांनी व्हय म्हणायचं, आणि पुढच्या खेपेला पुन्हा लेकरू पायावर आडवं. मी वैतागायचे. ताई वैतागायच्या नाहीत. दमायच्या, पण वैतागायच्या नाहीत. हा फरक मला त्यांच्याकडून कळला. अजून जमलेला नाही.

त्यांच्या मनाचा मोठेपणा सांगायचा तर माझ्या डोळ्याचं ऑपरेशन. मोतीबिंदू काढला तेव्हा विलासची पाळी, मनिषाची नवी नोकरी. पट्टी बांधून मी दवाखान्यात एकटी पडून होते. ताई डबा घेऊन आल्या. सगळे येतात आणि म्हणतात, खा, खाल्लंच पाहिजे. ताई खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "अनुसयाबाई, आत्ता भूक आहे, की थोड्या वेळानं बसू?" साठी उलटलेल्या बाईला हे पहिल्यांदा कुणी विचारलं. मी उगाच म्हटलं, थोड्या वेळानं. खरं तर भूक होती. पण मला ते थांबणं बघायचं होतं. त्या थांबल्या. मग आम्ही दोघी जेवलो.

आता आम्ही शहरात उस्मानपुऱ्याजवळ भाड्यानं राहतो. माझा हा शाई लावलेला नातू मोबाईल लावल्याशिवाय तोंड उघडत नाही. विलासच लावून देतो. त्याला वेळ नाही, मनिषाला वेळ नाही, मला गुडघे. मी बोलते, दोन दिवस बंद होतो, पुन्हा सुरू. म्हणजे माझ्याच घरात हे. ताईंना तोंड कसं दाखवावं असं होतं कधी कधी.

गेल्या महिन्यात हे लिहिण्याआधी त्यांना भेटायला गेले. त्यांचा जिना चढून मला धाप लागली. दार उघडलं तर त्यांनाही धाप. पाठ दुखते म्हणाल्या. टेबलावर कागद, औषधं. झाकून ठेवलेला भात होता, सकाळचा. दुपार उलटली तरी जेवल्या नव्हत्या. एकट्याच असतात, आठवण आली की जेवतात.

मी मोबाईलचं सांगितलं. त्या खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अनुसयाबाई, इतकी वर्षं लोकांच्या घरात बसले. कुणाच्या कामाला आलं हो?"

मोठ्या माणसांनी त्यांना काय उत्तर दिलं असतं मला माहीत नाही. ह्या पुस्तकात इतर लोक लिहितीलच. मी म्हटलं, "ताई, दुनियेचं मला सांगता येत नाय. मनिषा घरी आसली की आजही पोरांसंगं जेवती. तिच्या माहेरी तिची भावजय जेवती लेकराला घेऊन, हिनं सांगितलं म्हणून. आन् मी चाळीस वर्षं शेवटी जेवले, ती आता शेवटी जेवत नाय. मला येवढंच ठाऊक."

मनिषानं दिलेला डबा मी उघडला. भात गरम केला. खाली बसणं दोघींनाही जमत नाही, म्हणून टेबलावरचे कागद सारले आणि बसलो. दोघी दमलेल्या, पण जेवलो. ताईंनी भाकरी दुसऱ्यांदा मागून घेतली.

तर माझं मागणं असं. ताईंनी किती वर्षं जगावं हे मी सांगणारी कोण. पण जितकी जगतील तितके दिवस त्यांची पाठ साथ देवो, झोप लागो, आणि दोन्ही वेळा कडकडून भूक लागो. आणि जेवायला बसताना शेजारी कुणीतरी असावं. मी जवळच राहते. जिना चढायला मला वेळ लागतो, तेवढं त्यांनी थांबावं.

जय भीम.

अनुसया भालेराव
माजी अंगणवाडी मदतनीस